सिस्टरचं पाणी

"आंघोळ करून आलात का?"

दार उघडलं की सिस्टरचा पहिला प्रश्न हा. समोरचा माणूस खांद्यावर टॉवेल टाकून त्यांच्याकडे गरम पाण्यात बसायला आलेला असायचा, आणि त्यालाच हे विचारायचं. "अहो, त्यासाठीच तर आले," असं मी पहिल्या दिवशी हसत म्हणाले होते. सिस्टर हसल्या नाहीत. "इथे नुसतं बसायचं असतं. मळ घरी काढून यायचा," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मी दोन मजले चढून वर गेले, साबण लावून आंघोळ केली आणि पुन्हा खाली आले, तेव्हा कुठे मला आत घेतलं.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर आपण चळाचळा कापतो आणि ज्याच्याबद्दल बाहेर बढाई मारल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. आमच्या डोंबिवलीच्या मानपाड्याजवळच्या इमारतीत त्या होत्या. ऑपरेशन थिएटरमधली नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांना नाव होतं, पण ते फक्त दारावरच्या पाटीला माहीत. बाकी सगळ्यांच्या त्या सिस्टर. तळमजल्यावर घर, मागे चिंचोळं अंगण, अंगणावर पत्रा आणि पत्र्याखाली हिटर-फिल्टर लावलेला, चार माणसं बसतील एवढा टब. आम्ही त्याला कुंड म्हणायचो. त्यांना ते आवडत नसे.

हे कुंड आलं त्यांच्या यजमानांसाठी. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. मूळचे कोकणातले, इथल्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात जन्म काढलेला. मणके आखडत जाण्याचा आजार जडला आणि सकाळी अंथरुणातून उठताना त्यांना कंबरेतून सरळच होता येईना. डॉक्टरांनी रोज गरम पाण्यात बसायला सांगितलं. सिस्टर त्यांना एसटीने गरम पाण्याच्या झऱ्यांवर घेऊन जायच्या. पण तिथे पाठ जेवढी सुटायची, तेवढी परतीच्या खड्ड्यांनी पुन्हा आवळायची. मग टिटवाळ्याच्या पुढे एका बंगल्याचे मालक परदेशी निघालेत आणि टब काढून टाकतायत, असं त्यांच्या कानावर आलं. टेम्पोतून तो टब आमच्या गेटमध्ये उतरला तेव्हा अख्खी इमारत गॅलरीत उभी होती.

"काय सिस्टर, या वयात हे शौक?" कुणीतरी वरून विचारलं.

"शौक नाही, ड्रेसिंग आहे हे," त्या खालून म्हणाल्या. "रोज करायचं असतं."

आणि त्यांनी ते रोज केलं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की त्या मागच्या अंगणात जायच्या. झाकण अर्धं उचलून आधी नाक खाली न्यायच्या. मग कागदाची पट्टी पाण्यात बुडवून तिचा रंग डब्यावरच्या रंगांशी ताडून बघायच्या आणि त्याप्रमाणे औषध टाकायच्या. फिल्टर काढून त्याची एकेक घडी पाइपखाली धुवायच्या. पाणी किती गरम आहे हे यंत्रावर दिसायचं, तरी बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर बुडवून बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे.

क्लोरीनचा उग्र वास आला की पाणी स्वच्छ, अशी माझी समजूत होती. सिस्टरचं उलट. "वास आला म्हणजे पाणी दमलं," त्या म्हणायच्या. घामाशी, मळाशी झगडून औषध संपत आलं की तो वास सुटतो, असं त्यांनी मला समजावलं. त्यांच्या पाण्याला कसलाच वास नव्हता.

साबणाचा तर त्यांना विलक्षण राग. माझा पाण्यात घालायचा गाऊन त्यांनी हुंगला आणि परत दिला. पावडरचा फेस पाण्यात उतरतो, साध्या पाण्यातून पुन्हा खळबळून आणा म्हणाल्या. आणि झाकण! आपण बाहेर पडून जरा कुठे टॉवेल शोधतोय तोच आतून आवाज यायचा, "झाकण लावा. ऊब चाललीय." वीज गेली की झाकणाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आत ऊब धरून ठेवलेली असायची, ती भाऊंची.

पहिला हिवाळा सरला आणि एके सकाळी भाऊ हातात पिशवी घेऊन, पाठ ताठ ठेवून नाक्यावर दूध आणायला निघाले. सिस्टर खिडकीत उभ्या होत्या. मी खालून जात होते. "बघा, चालतायत," एवढंच म्हणाल्या. स्वतःबद्दल त्यांनी मारलेली बढाई मी ऐकली ती ही एकच.

त्यानंतर त्यांनी इमारतीतल्या दुखऱ्या गुडघ्यांना दार उघडलं. माझे गुडघे त्यात पहिले. माझी मामेबहीण ठाण्याला मोठ्या टॉवरमध्ये राहते. त्यांच्या क्लबहाउसमध्ये गरम पाण्याचा टब आहे, हे ती मला दर भेटीत ऐकवायची. एकदा मी सिस्टरना तिकडे घेऊन गेले. सगळ्या बायका पाण्यात उतरल्या. सिस्टर काठावर वाकल्या, नाक खाली नेलं, सरळ झाल्या आणि जाऊन खुर्चीत बसल्या. "मी नंतर बसेन," म्हणाल्या. मीसुद्धा उतरले नाही. परतीच्या वाटेवर मला इतका अभिमान वाटत होता की रिक्षावाल्यालासुद्धा मी सिस्टरच्या टबाबद्दल सांगितलं.

आता दिवाळीची गोष्ट. त्या वर्षी सिस्टरची आई कल्याणला आजारी होती, म्हणून त्या नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी तिकडे गेल्या. जाताना भाऊंना पाण्यात औषधाची गोळी कधी टाकायची ते सांगून गेल्या. भाऊंनी गोळी बरोबर टाकली. पण चतुर्दशीच्या पहाटे घरात ते एकटेच. कोकणातल्या लहानपणाची आठवण झाली असणार. तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडलं, अंगभर सुवासिक तेल चोळलं, उटणं लावलं, आणि पाणी तापवायचं तर गरम पाणी आयतंच होतं. बसले जाऊन टबात. अभ्यंगस्नान झालं.

तेल आणि उटणं पाण्यातलं औषध खात बसलं. वरून सगळं ठीक दिसत होतं. पाडव्याला सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गुडघे शेकायला आल्या. भाऊंनी त्यांना आंघोळ करून आलात का हे आठवणीने विचारलं आणि आत घेतलं. सिस्टर दुपारी परतल्या. त्यांनी झाकण उचललं, टबाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. मी फराळाचं ताट घेऊन तिथेच उभी होते. "उद्या कुणी येऊ नका. पाणी काढणार आहे," एवढंच बोलल्या.

भाऊबीजेला काकूंच्या पाठीवर आणि पोटावर लाल पुरळ उठलं, गाऊन अंगाला चिकटतो नेमकं तिथे. सिस्टरनी बघितलं आणि क्षणभरही आढेवेढे न घेता म्हणाल्या, "हे माझ्या पाण्याचं आहे." स्वतः काकूंना दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनाही तेच सांगितलं. पुरळ आठवड्याभरात बरं होणार होतं. पण काकूंचा मुलगा खवळला. रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सोसायटीची मीटिंग बसली. विषय एकच, टब काढायचा.

"आज पुरळ आलंय, उद्या कोणाला काय मोठं झालं तर कोण बघणार?" तो म्हणाला. "मी पर्सनल घेत नाहीये सिस्टर, पण हे रिस्की आहे ना."

"बरोबर आहे तुझं," सिस्टर म्हणाल्या. "पाणी माझं होतं, ते बिघडलं. ठरवाल ते मान्य आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कडेवरचं ते बोट मी पाहिलं होतं. उटण्याचा वास त्यांना कळला नसेल? टब गेला तर भाऊ पुन्हा वाकणार, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी त्यांनी नवऱ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही.

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊ उठले. पूर्वी त्या बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीतून त्यांना उठवायला दोघं जण लागायचे. ते एकटे उठले आणि ताठ उभे राहिले.

"तेल माझं होतं," ते म्हणाले. "दिवाळीचं तेल लावून मी बसलेलो टबात. ती घरात नव्हती. तिने शंभरदा सांगितलेलं, मी ऐकलं नाही. तिच्या पाण्याला नाव ठेवू नका."

सगळे भाऊंच्या पाठीकडे बघत होते. शेवटी काकूच मुलाला म्हणाल्या, "बस रे आता खाली. टब गेला तर माझे गुडघे तू शेकणार आहेस का?" टब राहिला. त्या दिवशी मला आमच्या पत्र्याच्या पार्किंगचासुद्धा अभिमान वाटला.

सिस्टरनी टब रिकामा करून घासला, नळ्यांमधून औषध फिरवलं, फिल्टर नवा बसवला. भाऊंना त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही. पुढच्या नरकचतुर्दशीला पहाटे मी त्यांच्या मागच्या गल्लीतून जात होते. पत्र्याखाली दिवा होता. भाऊ टबाच्या काठावर उघडेबंब बसलेले, आणि सिस्टर स्टुलावर बसून त्यांच्या पाठीला तेल-उटणं चोळत होत्या.

मी चाटच पडले. "सिस्टर, तेल? पाण्यात?"

"दर तीन-चार महिन्यांनी पाणी बदलावंच लागतं," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "ती पाळी आता आजच्या दिवशी आणली. दुपारी हे पाणी जाणारच आहे." मग भाऊंना म्हणाल्या, "बसा आत. आज हवं तितकं बसा."

त्यानंतर दर दिवाळीला हे असंच. वर्षभर तेलाचा थेंब खपवून न घेणारी ही बाई वर्षातून एक पहाट नवऱ्याला तेलासकट पाण्यात बसू द्यायची आणि दुपारी कंबर कसून टब घासायची. प्रेम असं वेळापत्रकात बसवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सिस्टर गेल्या. हृदय थांबलं, कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही. आदल्या संध्याकाळी पट्टी बुडवून पाणी बघितलेलं होतं.

दिवाळी आली. त्या घरी या वर्षी सण नव्हता, म्हणून आम्ही कुणी फराळ नेला नाही. चतुर्दशीला दुपारी मी नुसतीच डोकवायला गेले. भाऊ रिकाम्या टबात उभे राहून फडक्याने कड घासत होते. कडेवर तेलाची पिवळी रेघ होती. मला बघून जरा ओशाळले.

"सण नाही हो," ते म्हणाले. "पाणी बदलायचा दिवस आहे. जाणारच होतं पाणी, म्हणून लावलं तेल."

"चांगलं केलंत," मी म्हटलं.

"सगळीकडे लावलं," ते म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले. "पाठीला हात पोचला नाही."

मी बादली धरली आणि त्यांनी पूर्ण कड स्वच्छ होईपर्यंत हात थांबवला नाही. पाठ मात्र सरळ होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा गेले. पाणी भरून तापलं होतं. भाऊ आत स्वयंपाकघरात होते, म्हणून मी हळूच झाकण उचललं आणि सिस्टरसारखं नाक खाली नेलं. कसलाच वास नव्हता.

"आंघोळ करून आलात का?" आतून भाऊंचा आवाज आला.

"नाही," मी म्हटलं.

"मग झाकण लावा. ऊब चाललीय."

मी मुकाट्याने झाकण लावलं आणि आंघोळ करायला वर गेले.