भावोजींच्या बादलीतले बटाटे

देवासपासून धारपर्यंत दिवा घेऊन शोधलं तरी आमच्या भावोजींइतका संशयी माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका भोळाही नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. त्यांचा संशय माणसांवर कधीच नसतो. माणसांवर ते डोळे मिटून विश्वास टाकतात आणि दर वेळी व्यवस्थित फसतात. संशय सगळा वस्तूंवर. डबा बंद असेल तर तो उघडायचा, पुडी बांधलेली असेल तर ती सोडायची, भिंत असेल तर ती बोटाने वाजवून बघायची. उभी नोकरी त्यांनी पीथमपूरच्या एका कारखान्यात माल तपासण्यात काढली. धारहून शिफ्टची बस पकडायची, तिथे जाऊन प्रत्येक लॉटमधला एक नग उचलायचा, तो कापायचा, तोडायचा, मोजायचा आणि मग लॉट पास की फेल ते सांगायचं. लोक म्हणतात कारखान्याने त्यांना असं केलं. मला विचाराल तर माणूस मुळातच असा आहे. कारखान्याने त्याचा पगार दिला, इतकंच.

ताईला बघायला ते देवासला आमच्या घरी आले तेव्हाची गोष्ट. आमचं घराणं इथे मराठ्यांच्या दरबाराबरोबर आलेलं, पिढ्या गेल्या, पण मुलगी दाखवायची म्हटलं की वडिलांना अजून घाम फुटायचा. भावोजी साताऱ्याकडचे, नुकतेच नोकरीसाठी माळव्यात आलेले. आम्ही सगळे आता मुलगा काय विचारतो म्हणून कान टवकारून उभे, आणि ह्या गृहस्थांनी काय करावं? बसायला दिलेली खुर्ची उलटी केली आणि तिचे पाय हलवून बघितले. मग वडिलांकडे वळून अगदी अदबीने म्हणाले, "मुलगी पास आहे हो, पण खुर्ची फेल आहे. हिच्यावर कुणाला बसवू नका." वडिलांचा चेहरा असा झाला की मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. पण पुढच्याच आठवड्यात आमचे काका त्या खुर्चीसकट जमिनीवर आले, आणि तेव्हापासून वडिलांनी जावयाला कधी नावं ठेवली नाहीत.

संसार मात्र ताईला करायचा होता. दिवाळीत ती करंज्या तळायला बसली की हे शेजारी पाट मांडून बसणार आणि प्रत्येक घाण्यातली एक करंजी फोडणार. "सारण सगळीकडे सारखं पोचलंय का, बघायला नको?" बघायला हवं, मान्य, पण फोडलेली करंजी खायलाही हवी, हे कारखान्यात नव्हतं. बाजारात कचोरीवाल्याच्या गाड्यावर गेले की आधी एक कचोरी मोडून आतली डाळ हुंगायची, मग उरलेल्या बांधायला सांगायच्या. एकदा तो वैतागून म्हणाला, "भिया, कचोरी है, बम नहीं है!" भावोजी जराही रागावले नाहीत. उलट घरी येऊन ताईला सांगितलं, की माणूस बोलायला तिखट आहे पण माल पास आहे.

असा माणूस निवृत्त झाला आणि दिवसभर घरात बसू लागला. देवा! कुकरची शिटी व्हायच्या आधी झाकण, विरजण लागायच्या आधी दही, कशाचीच खैर नव्हती. शेवटी ताईनेच चिडून म्हटलं, "गच्चीत जाऊन काहीतरी लावा, पण माझ्या स्वयंपाकघरातून निघा." आता गच्चीत माणसं गुलाब लावतात, मोगरा लावतात. ह्यांनी बटाटे लावले. अहो, माळव्यात बटाटे! जिथे हंगामात मंडीच्या रस्त्यावर बटाट्यांच्या ट्रॉल्यांची रांग लागते, दारावर ठेलेवाला ओरडून ओरडून बटाटे देतो, तिथे हा माणूस रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे पिपे आणि जुन्या कूलरची टाकी गोळा करून, त्यांच्या बुडाला भोकं पाडून बटाटे लावतो. डोळे आलेले बटाटे कापले, कापलेल्या जागी राख चोळली, अर्धी बादली मातीने भरून ते पुरले. झाड वर आलं की भोवती आणखी माती चढवायची, म्हणजे खाली जास्त बटाटे धरतात, हे मला त्यांनी फोनवर इतक्यांदा समजावलं की मी झोपेतही सांगू शकेन. मी म्हटलं, "भावोजी, ठेलेवाल्याचे काय वाईट आहेत?" तर म्हणाले, "ते मी बनताना बघितलेले नाहीत."

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खाई. बटाटा बनतो मातीच्या आत, अंधारात, आणि भावोजींना बघितल्याशिवाय चैन नाही. मग दर दोन-चार दिवसांनी एखाद्या बादलीत कोपरापर्यंत हात जाणार. मुळं तुटणार, झाड मान टाकणार, आणि हातात काय? बोराएवढी गोळी. पहिल्या थंडीत त्यांनी एकेक करून सगळ्या बादल्या अशा तपासून तपासून संपवल्या. ताईने त्या गोळ्यांची भाजी केली, ती एका वाटीत मावली. "सगळा लॉट फेल," भावोजी खिन्नपणे म्हणाले. लॉट कुणामुळे फेल झाला हे त्यांच्या ध्यानात काही येईना.

पण खरी गोष्ट पुढच्या थंडीत घडली, आणि ती सांगायची तर शेजारच्या शेठजींबद्दल सांगायला हवं. भावोजींची आणि शेठजींची घरं एकाच सुमारास बांधलेली. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. शेठजींचं कापडाचं दुकान आता मुलगा बघतो. ताईच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा भावोजी शिफ्टवर होते. ताईला दवाखान्यात शेठजींनीच नेलं होतं. दोघे निवृत्त झाल्यापासून रोज चार वाजता भावोजींच्या गच्चीत दोन खुर्च्या आणि दोन चहा. शेठजी भिंत ओलांडून येत, तासभर बसत आणि सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून परत जात. बोलणं फारसं नसायचंच. भावोजी काहीतरी सांगायचे, शेठजी "हाओ, भिया", म्हणजे हो भाऊ, एवढंच म्हणायचे. भावोजींची ती करंजी, ती कचोरी, तो कारखाना, सगळं न कंटाळता ऐकणारा जगात हा एकच माणूस होता. आम्ही बाकीचे केव्हाच कंटाळलो होतो.

शेठजी पक्के जैन. दर पौर्णिमेला मोहनखेड्याच्या तीर्थाला जाणारे. जमिनीखालचं काही खायचे नाहीत. कंद उपटला की त्याच्याबरोबर असंख्य जीव जातात, ही त्यांची श्रद्धा. बादल्या आल्या तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त खुर्ची जरा फिरवून पाठ करून बसले. पहिली थंडी तशी निभावली. दुसऱ्या थंडीत एक दिवस चहा पिता पिता भावोजींचा हात सवयीने बादलीत गेला. आणि बाहेर आला तो मातीने भरलेला, तळहातावर एक इवलासा बटाटा, मुळं लोंबताहेत. एवढ्यावर थांबतील तर ते भावोजी कसले! तो हात त्यांनी थेट शेठजींच्या नाकासमोर नेला. "बघा शेठ, माल धरायला लागला!"

शेठजींनी कप खाली ठेवला. उठले, भिंत ओलांडली आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मग शेठाणींनी ताईला हळूच सांगितलं, "बुरा मत मानना बेन, इनसे देखा नहीं जाता." ताईने घरात येऊन भावोजींना असं फैलावर घेतलं की मला देवासला बसून फोनवर ऐकू येत होतं. भावोजी हट्टाला पेटले. "माझी गच्ची, माझ्या बादल्या. ज्याला यायचं तो येईल." बोलायला काय जातंय! चार वाजले की तेच गृहस्थ दोन खुर्च्या मांडत होते आणि चहा दोन कप करायला सांगत होते. दुसरा कप रोज थंड होई, आणि तो ताईला प्यावा लागे.

त्यातच एका सकाळी मातीचं पोतं जिन्यावरून चढवताना भावोजींच्या छातीत कळ आली. शेठजींच्या मुलाने गाडी काढली आणि थेट इंदूरला नेलं. बायपास करावी लागली. मी देवासहून रोज डबा घेऊन जायची. शुद्धीवर आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी सलाइनची बाटली फिरवून तिच्यावरची तारीख वाचायला घेतली. सिस्टर म्हणाली, "अंकल, आप मरीज हो कि इन्स्पेक्टर?" ताई रडता रडता हसली, आणि मीही. वाचले म्हणायचे, दुसरं काय.

दोन दिवसांनी मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "गच्चीवर..." मी इतकी भडकले! "मरू देत ते बटाटे, भावोजी! जिवावर बेतलं होतं तुमच्या, कळतंय का?" ते छताकडे बघत म्हणाले, "बटाट्यांचं नाही गं. शेठ चार वाजता गच्चीत येतात का, तेवढं कुणी बघेल का?" ताईने सांगितलं, की शेठजी इस्पितळात येऊन गेले, तुम्ही बेशुद्ध होतात, बाहेर बाकावर बराच वेळ बसून होते. "येणारच ते. माणूस तसा आहे," भावोजी म्हणाले. "पण परत माझ्याशेजारी बसतील का, ते सांग." मी उगीचच डब्याचं झाकण घट्ट करत बसले.

प्रवास लांबचा नको म्हणून डॉक्टरांनी सोडल्यावर ते दोघे आमच्याकडे देवासलाच राहिले. महिनाभर माझं लोणचं, माझा गॅस, माझ्या पुरणपोळ्या तपासून झाल्या. मी म्हणायची, शेठजींना फोन लावून देते. तर म्हणायचे, "नको. फोनवर ते नुसतं हाओ म्हणतील. त्यावरून काय कळणार?" संक्रांतीचा तिळगूळ मात्र त्यांनी एका पुडीत वेगळा बांधून घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती पुडी परत सोडून बघितली नाही.

त्यांना घेऊन मी धारला गेले. पाय धुतले न धुतले तोच ते एकेक पायरी चढत गच्चीवर निघाले, मी मागून. मला वाटलं होतं, वर काटक्या दिसतील. अहो, काय सांगू! प्रत्येक बादली हिरवीगार, पानं काठाबाहेर ओसंडलेली. महिना-दीड महिना त्या मातीत कुणाचा हात गेला नव्हता, म्हणून झाडं अशी पोसली होती. मधली भिंत ओली होती आणि पलीकडे पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवलेला. चार वाजले होते. पलीकडच्या जिन्यातून शेठजी वर आले, भावोजींना बघून थबकले आणि चष्मा सारखा करत म्हणाले, "पत्ते सूख रहे थे, भिया. पत्तों को पानी दिया. नीचे क्या है, मुझे नहीं मालूम."

भावोजींनी तिळगुळाची पुडी भिंतीवरून पुढे केली. शेठजींनी ती घेतली, मग भिंतीवर हात टेकून सावकाश अलीकडे आले आणि आपल्या जुन्या खुर्चीवर बसले. या खेपेला पाठ करून नाही. मी खाली जाऊन ताईला म्हटलं, "दोन कप ठेव." ती काही न विचारता पदर डोळ्याला लावून चहाला लागली.

होळीच्या आधी पानं पिवळी पडली. आता बटाटे काढायचे! ताईचा फोन आला, मी देवासहून मोठी पिशवी घेऊन पोचले. गच्चीवर ताईने जुनं धोतर अंथरलं, भावोजी खुरपं घेऊन बादलीशेजारी बसले. शेठजी उठले. "आप निकालो, भिया. आपकी फसल है. मैं बाद में आता हूं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण भिंतीकडे जाताना ते आमच्याकडे बघत नव्हते.

भावोजींचं खुरपं मातीवर टेकलं. हात तिथेच राहिला. त्यांनी शेठजींच्या पाठीकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, आणि खुरपं बाजूला ठेवून दिलं.

"बसा, शेठ. राहू दे."

"राहू दे म्हणजे?" ताई कडाडली. "दोन थंड्या माझी गच्ची अडवलीत, आणि आता राहू दे?"

"राहू दे म्हणजे राहू दे. हा लॉट न उघडता पास."

"आणि माझी पिशवी?" मी ओरडले. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेठजी परत फिरले होते, खुर्चीवर बसून चष्मा काढून उपरण्याने पुसत होते. पुष्कळ वेळ पुसला त्यांनी तो. जाताना कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून मी बटाटे घेतले. ताईलाही घेऊन दिले. ती हल्ली ते पदराआड झाकून घरात नेते. शेठजींना माहीत आहे, तिलाही माहीत आहे की त्यांना माहीत आहे, तरी नेते.

गेल्या श्रावणात मी गेले होते. बादल्या उन्हाळाभर जिन्याखालच्या सावलीत ठेवल्या होत्या, पावसाच्या तोंडावर परत गच्चीवर आणल्या होत्या. काहींतलं सडलंही असेल, पण दोन-तीन बादल्यांतून पावसाबरोबर पुन्हा हिरवे कोंब आले होते. दोघे त्यांच्या मध्ये बसलेले. भावोजी आता थकलेत, बोलताना धाप लागते. शेठजींना ऐकू कमी येतं, म्हणून "हाओ, भिया" जरा उशिरा येतं. त्या दोघांकडे बघून मला वाटलं, हे चार वाजणं असंच राहावं, कुणी हलवू नये.

"किती असतील गं आत?" भावोजींनी मला विचारलं.

"उकरून बघा की," मी म्हटलं.

ते हसले. जुन्या सवयीने त्यांचा हात बादलीकडे गेला, ओल्या मातीवर क्षणभर टेकला, तिला अलगद थोपटलं, आणि परत चहाच्या कपाकडे आला.