घंटी माझ्याच हातात होती

मंडळी, घरी आल्या आल्या लिहायला बसले आहे.

आज झाशीतल्या आमच्या मराठी मंडळात वादविवाद होता. विषय, घर भाड्याने कुणाला द्यावं. मराठी न येणाऱ्या पाहुण्यांनाही कळावं म्हणून भाषा हिंदी. वेळेची घंटी माझ्याकडे. परीक्षक नसरीनजी, माझ्याच शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या आणि आमच्याच वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू.

आपली एक सवय आहे ना, परक्याला कळू नये असं काही बोलायचं की मराठी सुरू. सीपरी बाज़ारात, ऑटोत, कुठेही.

मंडळातले एक काका हिंदीत छान बोलत होते. मध्येच हसून मराठीवर आले. "आता आपसात सांगतो. मुसलमानांना जिना चढू देऊ नका. आज भाडं देतील, उद्या घर गिळतील."

हशा. टाळ्या.

प्रत्येकाला मत पूर्ण मांडू द्यायचं, हा नियम माझाच. पण हे मत नव्हतं, द्वेष होता, आणि ते मला तिथेच कळलं होतं. तरी त्या टाळ्यांना घाबरले. घंटी वाजवली नाही.

नसरीनजी माझ्या सासूबाईंशी रोज मराठीतच बोलतात. काकांना काय माहीत!

परत येताना स्कूटीवर मागून हळूच म्हणाल्या, "ताई, टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्या घरचं कुणी होतं का?"

"बघितलं नाही," मी म्हटलं.

बघितलं होतं. आमचे हे पहिल्याच रांगेत होते.

आत्ता वरून कडी लावल्याचा आवाज आला. भर संध्याकाळी त्या कधी कडी लावत नाहीत.

तुम्ही असता तर घंटी वाजवली असती? आणि आता जिना चढून त्यांचं दार कुठल्या तोंडाने वाजवू?