बी.ए.च्या विषयाचा कौल

देवाला फसवायला निघालेला माणूस आमच्या घराण्यात एकच झाला आणि तो मी, असा माझा परवापरवापर्यंत समज होता.

थोरले काका आणि वडील, दोघेही कर्जतच्या कचेरीत वकिली करत. दोघेही पदवी न घेता, जुनी वकिलीची परीक्षा देऊन वकील झालेले. मी मात्र विद्यापीठाचा एलएल.बी. व्हायचं आणि त्यासाठी आधी बी.ए., हे ठरलेलंच होतं. त्याला माझी ना नव्हती. अडलं ते ऐच्छिक विषयावर. मला गणित हवं होतं. एखादं प्रमेय सुटलं की मी जेवण विसरायचो. काकांचं म्हणणं, वकिलाला इतिहास आणि अर्थशास्त्रच पाहिजे. "वर्तुळं काढून मुन्सफाला काय दाखवणार आहेस?" असं ते चारचौघांत विचारत. दोन्ही विषय घेतो म्हटलं, तर नियमात एकच बसत होता.

वडिलांची मला चीड येई. प्रत्यक्ष मुन्सफाला "आपली चूक होते आहे" असं सुनावणारा हा माणूस थोरल्या भावापुढे कधी खाली बसतसुद्धा नसे. काका बोलले की हे मान डोलवत, "दादा म्हणतात तेच खरं." माझ्या बाजूने एक शब्द नाही!

मी हट्ट सोडेना, तेव्हा काकांनी कौल लावायचं ठरवलं. खालापूरजवळ आमचं मूळ गाव. तिथे सोयरीक असो की विहीर खणायची असो, अडलेलं काम ग्रामदेवापुढे जाई. गुरव देवाच्या पाषाणाला डावीउजवीकडे एकेक ओली कळी चिकटवी आणि गाऱ्हाणं घाली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काकांचा प्रश्न सरळ होता, मुलाने इतिहास घ्यावा काय? म्हणजे मला डावी कळी हवी होती.

मी काय केलं असेल? दोन दिवस आधी कुणाला न सांगता गावी गेलो आणि गुरवाला गाठलं. डावी कळी जेमतेम टेकव, उजवी घट्ट बसव, म्हणून हातापाया पडलो आणि कुणाला कळू देऊ नकोस अशी शपथ घातली. तो माझ्याकडे डोळे फाडून बघतच राहिला. "बगू," म्हणाला.

कौलाच्या दिवशी मी अगदी निर्धास्त उभा होतो. गुरवाचं गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच उजवी कळी टपकन पडली.  आधी मला वाटलं, माझंच डावंउजवं चुकलं. पुन्हा बघितलं. डावी पाषाणाला चिकटून होती. काका हात जोडून हसत होते. वडिलांनी खांब धरून डोळे मिटले होते. मी समजलो, देवाचे आभार मानताहेत. देवानेच झिडकारल्यावर मी भांडणार कुणाशी? इतिहास घेतला. राजांच्या लढाया घोकल्या, बी.ए. झालो, एलएल.बी. झालो, कर्जतलाच वकिली थाटली. वडिलांशी मात्र कामापुरतंच बोलत राहिलो. ते जाईपर्यंत.

परवा तोच गुरव, आता पार थकलेला, देवळाच्या जमिनीच्या दाव्यात साक्षीला आला. साक्ष झाल्यावर कचेरीच्या ओट्यावर माझ्याशेजारी बसला.

"तुमचं वडील गेलं, आता सांगाया हरकत नाय," तो म्हणाला. "त्या टायमाला तुमी सांजच्याला आलात ना? सकाळच्याला ते येऊन गेलेलं."

"कोण? काका?"

"नाय वो, तुमचं वडील. डोळ्यांत पानी हुतं त्यांच्या. म्हनाले, डावी पाड रं बाबा. पोराला गनित घेऊ दे. दादांपुढं माझं तोंड उघडत नाय."

मी हातातले कागद बाजूला ठेवले. 

"मग पाडली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"येकटा कोन आला असता तर पाडली असती. बाप आला, मंग लेक आला, दोगांनी शपत घातली, दुसऱ्याला कळू देऊ नको. बाप-लेक दोगं देवाला फसवाया निघालेलं, मला भ्या वाटलं. म्हटलं, यात आपन हात घालायचा नाय. दोनी कळ्या सारक्याच लावल्या. पुढचं देवानं केलं."

तो काठी टेकत निघून गेला. मी ओट्यावरच बसून राहिलो. पक्षकार बोलवायला आला, त्याला हातानेच परत पाठवलं.

वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी वडिलांनी मला एकदा विचारलं होतं, "गणित अजून करतोस का रे?" मला वाटलं, जखमेवर मीठ चोळताहेत. मी म्हटलं, "तुम्ही तरी ते विचारू नका."  नंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.