चार बोटांची दुमड

मे महिना अर्धा सरला की वाशीमजवळच्या मालेगावातल्या आमच्या गल्लीत लोक मला नावानं नाही, युनिफॉर्मवाली म्हणून ओळखतात. दारात पोरांची रांग, हातात कापडाच्या पिशव्या, आणि प्रत्येक आईचं एकच मागणं: "वाढत्या अंगाचं शिव वं. दोन वर्षं चाललं पाह्यजे."

मग मी युनिफॉर्मच्या खाली चार बोटांची दुमड ठेवते. पुढच्या जूनमध्ये आया तोच कपडा घेऊन येतात, मी दुमड उसवते, आणि खाली गडद पट्टा दिसायला लागतो; वरचं कापड वर्षभराच्या धुण्यानं विटलेलं असतं, आतलं कोरंच असतं. वर्गातल्या निम्म्या पोरींच्या युनिफॉर्मला तो पट्टा असतो. माझ्या पोरीच्या युनिफॉर्मला मात्र नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता. आज सांगताना जीभ जड होते, पण होता.

ती दुसरीत जाताना मी तिचं माप घेतलं होतं. तिसरीत जाताना कपडा अंगावर चढवून पाहिला, अगदी बरोबर बसला. दुमड सोडायची गरजच पडली नाही. कामाचा ढीग पडलेला, एक कपडा वाचला म्हणून मी खूश झाले. चौथीत जाताना कापड विरलं, म्हणून नवा शिवला. पण जूनमध्ये मला घरच्या पोरीचं माप घ्यायला वेळ कुठला? आमच्या धंद्यात मापाला जुना कपडा चालतो. तो पसरायचा, त्यावरून कापायचं. बाया ब्लाउजसाठी देतात तसाच मी तिचा जुना युनिफॉर्म कापडावर पसरला आणि कात्री चालवली. पाचवीला पुन्हा तेच. फक्त दोन्ही वर्षी कमरेत आणि बाजूला कापड वाढवावं लागलं. पोरीच्या गालावर मांस आलं होतं. शेजारीण म्हणायची, "तुह्या पोरीची तब्येत पाह्य, कशी भरली! माही पाह्य, नुसती काडी." मला गोड वाटायचं. अंगाला लागून राहिलंय, असं मी सगळ्यांना सांगत सुटायचे.

शाळा उघडायच्या आधीचा आठवडा आमच्या घरी पोरगी तयार करण्याचा. नखं काढायची, केसांतल्या उवा पाहायच्या, जंताची गोळी द्यायची आणि एका सकाळी एरंडेल पाजायचं. तिचं पोट कधीच साफ व्हायचं नाही, म्हणून तिला मी जरा जास्तच पाजायचे. एका वर्षी तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं तर मी तिला चापट मारली. ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि बसल्याबसल्या झोपली. किती शहाणी पोर, असं मला वाटलं. शाळेतल्या बाईही तेच म्हणायच्या. दंगा नाही, उड्या नाही, जागेवर बसवली की बसलेली.

वाशीमकडच्या उन्हाळ्यात माणूस कूलरसमोरून हलत नाही. ती मात्र गोधडी ओढून घ्यायची. "आई, मले थंडी वाजून राह्यली, बंद कर न तो कूलर." मी मशीनवर घामानं भिजलेली. "नखरे नको करू," म्हणायचे मी. नखरे! तो शब्द मी तिला किती वेळा ऐकवला असेल.

सहावीपासून शाळेत मुलींना सलवार-कुर्ता. तसा कपडा तिच्याकडे नव्हताच, मग मापाला पसरणार काय? शाळा उघडायला चार दिवस होते. सगळ्यांची कामं उरकली आणि मी तिला हाक मारली. चार वर्षांनी पहिल्यांदा पोरीच्या अंगाला टेप लावला. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अठ्ठावीस इंच.

टेप घसरला असेल म्हणून पुन्हा लावला. अठ्ठावीसच.

मापांची वही मी टाकत नाही. मागची पानं उलटत गेले. दुसरीत जातानाचं तिचं माप होतं साडेसत्तावीस. त्याच पानावर खाली शेजारणीच्या काडीसारख्या पोरीचं माप, सत्तावीस. त्या पोरीचं नवं माप मी आदल्याच दिवशी लिहिलं होतं, बत्तीस.

पोरगी हात पसरून तशीच उभी होती. "झालं का आई?" मी म्हटलं, "झालं. जा, झोप." सगळ्या गावाची पोरं किती वाढली ते मला वहीत पाहून सांगता येत होतं, आणि माझी पोर चार वर्षं एका जागी थांबलेली मला दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांनी आम्हा दोघींना मोटारसायकलवरून वाशीमला नेलं. डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहिला, कोरडी कातडी चिमटीत धरून पाहिली, गळा चाचपला, रक्त काढायला पाठवलं. मग विचारलं, "हिची उंची कधीपासून थांबली, काही अंदाज?"

"चार वर्षं झाली. अर्धा इंच वाढली फक्त."

"इतकं नेमकं कसं सांगता?"

"मी शिवणकाम करतो जी. पोरांचे युनिफॉर्म," मी म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर म्हणाले, गळ्यातली थायरॉइड काम करत नाही, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. सुस्ती, थंडी, पोट, सूज, सगळं त्याचंच. ते मांस नव्हतंच, सूज होती. "उंची थोडी भरून निघेल," ते म्हणाले. "सगळी नाही."

गोळीनं पोरगी जागी झाली. चेहऱ्याची सूज उतरली, तर शेजारीण म्हणाली, "काहून वाळली वं पोट्टी?" ती कूलरसमोर बसायला लागली, भांडायला लागली, उलट बोलायला लागली. तिनं पहिल्यांदा मला तोंड वर करून उत्तर दिलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सातवीत जाताना तिच्या कुर्त्याची दुमड सोडली. खालचा गडद पट्टा पाहून ती गल्लीभर दाखवत फिरली. आठवीतही सोडली. मग नाही.

यंदा ती बारावीत गेली. तिच्या सगळ्या मैत्रिणी तिच्यापेक्षा वीतभर उंच आहेत. हिवाळ्यात डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढून सांगितलं, हाडांची टोकं जुळली, आता वाढ नाही.

आता दर उन्हाळ्यात पहिलं माप तिचं घेते, मग दार उघडते. या वर्षीही तसंच केलं. आकडा लिहायची गरज नव्हती, पण लिहिला. कापड पसरलं, खडूनं खूण केली, आणि हातानं सवयीनं खाली चार बोटं मोजली.

ती बाजूलाच इस्त्री करत होती. "आई, आता दुमड कायले ठेवून राह्यली? मी काही वाढत नाही आता."

"कापड उरून राह्यलं," मी म्हटलं.

उरत नव्हतं. ते तिलाही दिसत होतं. मी शिवून झाल्यावर तिनं कुर्ता घेतला, उलटा केला आणि ती दुमड इस्त्रीनं नीट बसवली.