मळणारी मी, थापणारी ती

रविवार, नऊ नोव्हेंबर. सकाळपासून वहिनीचं फडताळ रिकामं करायला घेतलंय. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ, सुमनवहिनी. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मी खालापूरला कामावर असताना पुतण्याचा फोन आला, आणि लोधिवलीला घरी पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. हृदय बंद पडलं. उभा जन्म ती हातांच्या इसबाशी भांडली, आणि ज्याच्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही त्या हृदयानं दगा दिला. फडताळात करंजाचं तेल, कडुनिंबाची पावडर आणि कुणी कुणी आणून दिलेल्या निनावी पुड्या निघाल्या. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा बिस्किटं आणतो, इसबवाल्याकडे औषध आणतो. वहिनी ते लावायची, हात भाजल्यासारखे लाल करून घ्यायची आणि देणाऱ्याला सांगायची, "बरं वाटतंय हां."

खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्या आळीत लग्नाच्या हळदीला बायका एकत्र बसून तांदळाच्या भाकऱ्या करतात, आणि त्या घोळक्याची मुख्य वहिनी. तिची भाकरी पापुद्र्यासारखी पातळ, तरी टम्म फुगायची. एका हळदीला शेजारच्या काशीबाईनं तिच्या भेगाळलेल्या बोटांकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "सुमन, तू बस गं आता. पानसुपारी बघ." वहिनीनं पानसुपारी बघितली. घरी येऊन मात्र तिनं कपड्यांच्या साबणानं हात धुतले. मग दुसऱ्या दिवशीही धुतले, अंगणातल्या नळावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असे. आपण स्वच्छ आहोत हे गावाला पटावं म्हणून ती धूत राहिली, आणि जितकी धुई तितके हात फुटत गेले. शेवटी मी तिला एसटीत घालून कर्जतला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

"दिवसातून किती वेळा हात धुता?" बाईंनी विचारलं.

"पंचवीस-तीस येळा. कोण बघत आसंल तर जास्त."

बाई हसल्या नाहीत. इसब मुळापासून जात नाही, सांभाळावं लागतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गरम पाणी नको, कपड्यांचा साबण नको. हात कोमट पाण्यानं धुवायचे, टिपायचे आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली चोपडायची. मलमाची ट्यूब फक्त इसब उठेल तेव्हा, सांगितलेले दिवसच. भांडी घासताना रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये दुसऱ्याला लागतं का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग ल्हून द्या. शिक्का पण मारा."

तो कागद तिनं स्टेशनजवळ लॅमिनेट करून घेतला.

पथ्यं पाळली, पण तिच्या पद्धतीनं. मोजे घालून भाकरी थापून पाहिली, तर मोजाच भाकरीत राहिला. जेली तुपाच्या डब्यात भरली, आणि भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ती गरम भाकरीवर घेऊन अर्धी भाकरी संपवली. "तुपाला आज वास नाय," एवढंच म्हणाले. त्यावर वहिनी म्हणाली, "बरं झालं. तुमची आतली खाज पण जाईल." शेवटी आम्ही दोघींनी काम वाटून घेतलं. गरम उकड मळली की तिचे हात उठायचे, म्हणून मळायचं मी. परात तिच्याकडे सरकवली की थापायचं तिनं. मला मळता येतं, थापता येत नाही. माझी भाकरी कुठल्याशा तालुक्याच्या नकाशासारखी होते.

पुढच्या हळदीला हात बरे होते, एकही भेग उघडी नव्हती. वहिनी सरळ जाऊन घोळक्यात बसली आणि लॅमिनेट केलेला कागद मांडवाच्या खांबाला सुतळीनं बांधला. काशीबाई म्हणाली, "मला वाचता येत नाय."

"मग आयक," म्हणून वहिनीनं पाठ म्हणून दाखवलं, "हे इसब आहे, स्पर्शाने पसरत नाही, खाली सही, खाली शिक्का. आता खा नायतर उपाशी ऱ्हा." आणि पहिली भाकरी तव्यावरून काढून तिच्या पुढ्यात टाकली.

काशीबाईनं भाकरीकडे पाहिलं... भाकरी फुगलेली होती. तिनं ती खाल्ली. मग दुसरी मागितली. वहिनी म्हणाली, "थांब, रांग हाय."

आज दिवसभर मी फडताळातल्या तेला-पावडरीच्या बरण्या सोड्यानं घासल्या, तेही उघड्या हातांनी. वहिनीनं पाहिलं असतं तर माझ्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. पुड्या फेकल्या. तुपाचा डबा ठेवला, झाकणावर ठळक 'जेली' लिहून. कागद चुलीवरच्या खिळ्यावर होता, तो पुसून तिथंच लावला.

सोमवार, दहा नोव्हेंबर. सकाळी उकड काढली, मळली आणि परात सवयीनं पलीकडे सरकवली. थोडा वेळ परात तिथंच राहिली. मग ओढून घेतली आणि थापायला बसले. पहिली भाकरी फाटली. भाऊजींनी ती खाल्ली.