भोंगा वाजू दे

एका प्रसिद्ध रॉकगायकाचं ‘भोंगा वाजू दे’ हे गाणं लागलं की आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कुणी खुर्चीवर राहत नाही. कालही तसंच झालं. पडद्यावर तो कामगाराचा निळा शर्ट घालून, बाह्या दुमडून गात होता. शर्टाला कडक इस्त्री होती. खाली मुलं पिपाण्या फुंकत नाचत होती.

त्यांना भोंगा म्हणजे पिपाणीच वाटते. आमच्या घरात भोंगा म्हणजे सूतगिरणीचा. तो वाजला की बाबा डबा घेऊन निघायचे. गिरणी बंद पडली, तरी त्या वेळेला ते अजून उठून बसतात. गाण्याचं दुसरं कडवं हेच सांगतं. पण तेव्हा सगळे पाणी प्यायला जातात.

“अगं, ऊठ की! सुतक आहे का?” मैत्रीण म्हणाली.

“हे नाचायचं गाणं नाहीये गं,” मी चाचरत म्हटलं.

“मग काय आरती आहे?”

त्या गायकानं कधी गिरणी आतून पाहिली की नाही, मला ठाऊक नाही. शर्ट त्याचा असेल. भोंगा आमचा आहे. धृपद आलं तशी मी उभी राहिले आणि सगळ्यांहून मोठ्यानं ओरडले, “भोंगा वाजू दे!”

“आली एकदाची रंगात!” मैत्रीण हसली.

मी ‘गिरणी उघडा’ म्हणत होते.