डाव्या बाजूला पडलेली गाडी

मुलांनो, नोकरीतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत. कर्जत तालुक्यातली ही घटना मात्र मनातून जात नाही. तुम्ही तिकडून फोनवर विचारता, "आजी, पोलिसात असताना खरं-खोटं तुला कळायचं कसं?" म्हणून हे लिहून ठेवते. नावं कुणाचीच देत नाही.

जामखेडच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या सायकलस्वाराला मागून धडक बसली. धडक देणारा पळून गेला. थोड्या वेळाने तिथून जाणाऱ्या टेम्पोवाल्याने जखमीला उचललं, सरकारी दवाखान्यात पोहोचवलं आणि स्वतःच ठाण्यात येऊन सांगितलं. त्याचा टेम्पो लाल होता आणि पुढचा प्लास्टिकचा बंपर फुटलेला होता. पंचनाम्याच्या वेळी घटनास्थळी लाल प्लास्टिकचा एक तुकडा मिळाला होता. बंपर इतक्या ठिकाणी फुटला होता की तुकडा त्याचाच आहे की नाही, हे सांगता येईना. म्हातारा बेशुद्ध होता. त्याची भावकी ठाण्याच्या दारात बसून एकच म्हणत होती, "ह्यानं धडकावलं न्हाई, तर उचललं कशाला?"

टेम्पो आम्ही आवारात लावून घेतला. टेम्पोवाल्याला रोज बोलावून बाकावर बसवत होतो. दुसऱ्या कुणाविरुद्ध पुरावा मिळाला नाही तर गुन्हा त्याच्याच माथी बसणार, हे त्यालाही दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात एक निनावी फोन आला. "मॅडम, आमच्या शेजारच्या वस्तीवरचा गडी मोटारसायकलचं सामान बदलून आलाय. कर्जतात समदं मिळतंय, तरी जामखेडला गेल्ता. तुमीच बघा." असे फोन बहुधा बांधाच्या भांडणातून येतात. म्हणून ते खोटेच असतात असं नाही.

त्या तरुणाला गाडीसकट बोलावलं. गाडीही लालच होती. ती नुसती दुरुस्त केलेली नव्हती, नटवलेली होती. टाकीपासून मडगार्डपर्यंत सगळीकडे पॉलिश मारलं होतं.

"काय काय बदललंस?"

"क्लचची लिव्हर, आरसा, इंडिकेटर. डावीकडचंच समदं. अंगणात स्टँडवरून पडली, मॅडम."

"त्यासाठी थेट जामखेडला?"

"मेव्हण्याच्या वळखीचं गॅरेज हाय तिथं."

आमचे हवालदार हळूच म्हणाले, "मॅडम, पोरगं पाठांतरात हुशार दिसतंय."

मी स्वतः पुष्कळ वर्षं दुचाकी चालवली. उभी गाडी आडवी झाली की हेच भाग जातात: लिव्हरचं टोक वाकतं, आरसा तडकतो, इंडिकेटर निखळतो. डाव्या फूटरेस्टवर ताजं खरचटलेलंही होतं. त्याचं सांगणं कुठेही चुकत नव्हतं आणि तेच मला खटकत होतं. ज्याची गाडी खरोखर पडते तो स्टँडला शिव्या देतो, झालेल्या खर्चाबद्दल कुरकुरतो. हा नुसती यादी सांगत होता.

"जुनं सामान कुठे आहे?"

"दिलं टाकून."

इथे मी थांबले. आपल्याकडे गॅरेजवाला काढलेलं सामान पोत्यात बांधून परत देतो, खरंच नवं बसवलं अशी गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून. आणि शेतकऱ्याच्या घरातून काही टाकून दिलं जात नाही.

एका महिला शिपायाला घेऊन मी त्याच्या वस्तीवर गेले. त्याच्या आईने आधी पाणी दिलं, मग विचारलं, "काय केलं त्यानं?" गाडी पडल्याचं तिने न अडखळता सांगितलं. "आवाज झाला म्हनून भायेर आले, तर गाडी आडवी. मीच उचलू लागले."

बाई खोटं बोलत नव्हती. लिंबाच्या खोडाला दाढीसाठी तडकलेला आरसा बांधला होता. वाकडी लिव्हर शेळ्यांच्या गोठ्यात दावं अडकवायला ठोकली होती. आणि खुराड्याजवळ उलट्या ठेवलेल्या लाल मडगार्डात कोंबड्या पाणी पीत होत्या. मडगार्डाचं टोक तुटलेलं होतं.

"मावशी, हे कुठलं?"

"त्याच पोत्यातलं. पोरगं इहिरीत टाकाय निघाल्तं. म्हनलं, खोलगट हाय, कोंबड्यांना व्हईल."

उभी गाडी कुशीवर पडली तर पुढच्या चाकावरचं मडगार्ड तुटत नाही. ते तुटतं समोर काही आदळल्यावर. मी पंच बोलावले आणि ठाण्यातून त्या तरुणाला व जप्त केलेला तुकडा वस्तीवरच आणवला. तुकडा त्या टोकाला नेमका बसला.

त्यानंतर तरुणाने आईसमोरच सगळं सांगितलं. धडक त्यानेच दिली होती. घरी आल्यावर, सांगायला काहीतरी कारण हवं म्हणून, त्याने अंगणात गाडी स्वतःच्या हाताने डावीकडे लोटून दिली. आईने ऐकला तो हाच आवाज.

मडगार्ड ताब्यात घेताना त्याच्या आईने त्यातलं पाणी एका जुन्या परातीत ओतलं आणि पदराने ते पुसून माझ्या हातात दिलं. मग विचारलं, "त्या म्हाताऱ्याला उचललं कुनी?"

"एका टेम्पोवाल्याने. तो ठाण्यात बसून आहे."

"मग आधी त्याला सोडा," एवढंच ती म्हणाली आणि खुराड्याकडे वळली.

खोटं बोलणारा माणूस गाडीवर काय बसवलं याचं उत्तर तयार ठेवतो. काढलेलं कुठे गेलं याचा विचार तो करत नाही. पुढच्या नोकरीत ही गोष्ट मला फार उपयोगी पडली. पण या प्रकरणातून मी खरी शिकले ती टेम्पोवाल्याकडून. म्हातारा शुद्धीवर आला होता. किल्ली परत देताना मी टेम्पोवाल्याला विचारलं, "पुन्हा कुणी रस्त्यावर पडलेलं दिसलं, तर थांबाल ना?"

त्याने खिशातून मोबाईल काढून मला दाखवला.

"थांबीन की, मॅडम. पन आधी पुराव्याला फोटू काढीन, मग उचलीन."

तो फोटो काढेपर्यंत पडलेला माणूस रस्त्यावरच असणार. संशय आम्ही घेतला आणि तो मिटवलाही, पण तेवढा उशीर त्याच्या मनात कायमचा राहिला.